टाटांचा पोलाद कारखाना चंद्रपुरात होणार होता, पण वरोऱ्याच्या कोळशानं घात केला

टाटा स्टील म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते जमशेदपूर. झारखंडमधलं, टाटांच्या नावानं वसलेलं शहर.

पण जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलाद कारखान्याचं स्वप्न आलं तेव्हा त्या स्वप्नाचा पत्ता झारखंडचा नव्हता. तो होता चांदा जिल्ह्याचा. म्हणजे आजचा चंद्रपूर आणि त्याच्यातून पुढे वेगळा झालेला गडचिरोली. जवळपास वीस वर्षं हा माणूस चांद्याच्या जंगलातलं लोखंड आणि वरोऱ्याचा कोळसा यांची सांगड घालायचा प्रयत्न करत होता.

ती सांगड बसली नाही. कारखाना गेला. पण तो का गेला, हे समजून घेतलं तर आज रोज सोशल मीडियावर रंगणाऱ्या एका वादाचं उत्तर मिळतं. चीननं १९७८ नंतर जे केलं ते भारतानं जसंच्या तसं का करू नये? व्हिएतनामला जमलं, कोरियाला जमलं, मग बाकीच्या गरीब देशांना का जमत नाही?

दुसऱ्या देशाकडून शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, हा प्रश्न जमशेटजींना आयुष्यभर पुरला. त्याचीच ही गोष्ट.

नवसारीचा मुलगा हाँगकाँगला पोहोचतो

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी मात्र पूजापाठ सोडून मुंबईत व्यापारात उतरले. मुलगाही मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकला आणि १८५८ ला बाहेर पडला.

पुढच्याच वर्षी वडिलांनी त्याला हाँगकाँगला धाडलं. तिकडे कापूस आणि अफू पाठवायची, तिकडून रेशीम आणि चहा आणायचा, असा त्या काळच्या बऱ्याच मुंबईकर व्यापाऱ्यांचा धंदा होता. टाटाही त्याला अपवाद नव्हते.

त्यानंतर आलं लंडन. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस बंद झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईतल्या भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. पंचविशीतल्या जमशेटजींना परक्या देशात घेणेकऱ्यांसमोर उभं राहावं लागलं.

या दणक्यानं एक गोष्ट पक्की केली. कच्चा माल विकणाऱ्या देशाचं नशीब दुसऱ्याच्या हातात असतं. युद्ध अमेरिकेत होतं, दिवाळं मुंबईत निघतं. कापूस आपला, पण कापड मँचेस्टरचं. मग कापड इथेच का विणू नये?

१८६८ ला त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. योगायोग असा की त्याच वर्षी जपानमध्ये मेइजी क्रांती झाली आणि एक मागासलेला, बंदिस्त देश आधुनिक व्हायला निघाला. मुंबईतला एक व्यापारी आणि जपानसारखा देश, दोघांनी एकाच वर्षी पश्चिमेकडून शिकायला सुरुवात केली. त्यांच्या वाटा पुढे एकमेकींना भेटणार होत्या.

सगळे मुंबईत, हा माणूस नागपुरात

चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन जमशेटजींनी १८६९ ला कापडगिरणी सुरू केली, दोनेक वर्षांत नफ्यात विकली आणि लँकेशायर गाठलं. इंग्रज नेमकं काय करतात ते जवळून बघायला.

तिथून परत आल्यावर अपेक्षा अशी होती की आता मुंबईतच मोठी गिरणी निघेल. पण त्यांनी निवडलं नागपूर.

लोकांना हे वेडेपण वाटलं. जागा स्टेशनजवळची, पण दलदलीची. कारखान्यात काम करायची सवय असलेले मजूर नाहीत. एका स्थानिक सावकारानं तर पैसे द्यायला नकार दिला. सोनं जमिनीत पुरण्यातलाच हा प्रकार आहे, असं त्याचं मत होतं.

जमशेटजींचं गणित वेगळं होतं. लँकेशायरमध्ये गिरण्या का चालल्या? बंदर जवळ, कोळसा जवळ, म्हणून. मुंबईकर ते बघून बंदराजवळ गिरण्या काढत होते. पण इथे कापूस विदर्भात पिकत होता. वर्धा, हिंगणघाट हाकेच्या अंतरावर. रेल्वे नागपूरपर्यंत आलेली. वरोऱ्याची कोळसा खाणही फार लांब नव्हती. मग कापूस मुंबईला वाहून नेण्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ नेली तर?

१ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. कारभार सोपवला बेझनजी मेहता या रेल्वेतून आलेल्या माणसाकडे.

इथेही नक्कल चालली नाही. मजूर गैरहजर राहायचे. त्यावर कामगारांसाठी बक्षिसं आली, १८८६ ला निवृत्तिवेतनाचा फंड आला, १८९५ ला अपघाताची भरपाई सुरू झाली. अशी भरपाई इंग्लंडच्या कायद्यात सरसकट यायला आणखी दोन वर्षं होती. तसंच रिंग स्पिंडल नावाचं सूत कातायचं नवं तंत्र लँकेशायरवाले स्वीकारायला तयार नव्हते. नागपुरात ते आधी थोड्या यंत्रांवर करून बघितलं गेलं आणि जमतंय म्हटल्यावर वाढवलं. जिथून शिकायला सुरुवात केली, त्याच लँकेशायरच्या एक पाऊल पुढे नागपूर गेलं.

चांद्याचं लोखंड

१८८२ ला जमशेटजींच्या हातात एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञानं तो लिहिला होता. विषय होता, चांदा जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढला तर परवडेल का?

अहवालात लोहारा गावचा उल्लेख होता. आजच्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही भागात, जंगलात, टेकडीच्या टेकडी उत्तम प्रतीच्या लोहखनिजाची. शेजारी पिपळगावचे साठे. आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण.

लोखंड इथल्या लोकांना नवं नव्हतं. गावाचं नावच लोहारा. जंगलातले लोहार पिढ्यान् पिढ्या लाकडी कोळशावर छोट्या मातीच्या भट्ट्या लावून लोखंड काढायचे. पण विलायती स्वस्त लोखंड आलं, जंगल सरकारनं राखीव केलं आणि त्या भट्ट्या विझत गेल्या.

लोखंड आहे, कोळसा आहे, रेल्वे आहे. नागपूर जवळ आहे. कागदावर सगळं जुळत होतं.

जमशेटजींनी घाईनं कारखाना उभारला नाही. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी तपासणीसाठी जर्मनीला पाठवला. उत्तर आलं की पोलादासाठी हा कोळसा चालणार नाही.

हे समजून घेणं गरजेचं आहे. लोहखनिजातून लोखंड काढायला मोठी झोतभट्टी लागते. भट्टीत खनिज आणि कोक यांचे थर रचतात. कोक म्हणजे हवेशिवाय भाजून कडक केलेला कोळसा. तो जळतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वरच्या शेकडो टनांचं ओझंही पेलतो. सगळ्या कोळशाचा कोक होत नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा बॉयलरला चालतो, वीज करायला चालतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आज याच पट्ट्यातल्या कोळशावर उभं आहे. पण त्याचा कडक कोक होत नाही, भुगा होतो.

दुसरी अडचण सरकारी होती. खाणीसाठी परवाना घ्यायचे नियम इतके जाचक होते की मोठं भांडवल गुंतवायला कुणी धजावलं नसतं.

जमशेटजींनी फाइल बंद केली. पण फेकली नाही. लोखंड, खनिज यांच्याबद्दल जे काही छापून येईल त्याची कात्रणं ते पुढची कित्येक वर्षं साठवत राहिले.

जपान बघितलं आणि फरक कळला

१८९३ ला जमशेटजी जपानला गेले. मेइजी क्रांतीला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

या पंचवीस वर्षांत जपाननं काय केलं होतं? १८७१ ला देशाचे बडे मंत्रीच जवळपास दोन वर्षांसाठी अमेरिका आणि युरोप बघायला निघाले होते. १८७२ ला तोमिओका इथे फ्रेंच तज्ज्ञाला बोलावून सरकारनं रेशमाचा नमुना कारखाना काढला. तिथे शिकलेल्या मुली आपापल्या भागात गेल्या आणि त्यांनी इतरांना शिकवलं. परदेशी तज्ज्ञांना भरपूर पगार दिला, पण मुदतीचा. आपली माणसं शिकली की तज्ज्ञ परत.

जमशेटजींनी जपानकडून रेशीम उचललं. पुढे म्हैसूर संस्थानानं जागा दिली आणि बंगळुरूला टाटांचं रेशीम केंद्र निघालं. शिकवायला जपानी जोडपं आणलं. त्या भागाला आजही टाटा सिल्क फार्म म्हणतात.

पण याच जपानसोबत त्यांनी एक धडा नुकसान सोसून घेतला. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालवाहतुकीवर पी अँड ओ या इंग्रज कंपनीची पकड होती आणि भाडं अव्वाच्या सव्वा. जमशेटजींनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून स्वतःची जहाजं भाड्यानं घेतली आणि टाटा लाइन सुरू केली.

पी अँड ओनं भाडं नावापुरतं उरेल इतकं खाली आणलं. गिरणीमालकांना स्वस्ताई दिसली आणि ते एकेक करून फुटले. टाटा लाइन बंद पडली.

जपानी कंपनी मात्र टिकली. तिच्या पाठीशी तिचं सरकार होतं आणि जपानच्या सूतगिरण्यांची संघटना आपला माल तिच्याच जहाजातून आणत होती. लढाई एकच, शत्रू एकच. एकामागे देश उभा होता, दुसरा गुलाम देशातला एकटा व्यापारी होता.

जपानची यंत्रं भारतात आणता येत होती. जपानी तज्ज्ञ आणता येत होते. पण कारखानदाराच्या मागे उभं राहणारं सरकार आणि एकजुटीनं वागणारे व्यापारी बोटीत घालून आणता येत नव्हते.

त्याच वर्षी योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर जमशेटजींना एक तरुण संन्यासी भेटला. स्वामी विवेकानंद. ते शिकागोच्या धर्मपरिषदेला निघाले होते. पुढे पाचेक वर्षांनी जमशेटजींनी त्यांना पत्र लिहून विज्ञानाच्या संशोधन संस्थेची कल्पना मांडली. आपली माणसं शिकल्याशिवाय बाहेरून आणलेलं तंत्र टिकत नाही, हे त्यांना पटलं होतं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ ला त्यातूनच उभी राहिली.

पुन्हा चांदा

१८९९ ला लॉर्ड कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले. हीदेखील एक आर्थिक सुधारणाच होती. सतरा वर्षं बंद पडलेली फाइल जमशेटजींनी उघडली. लंडनला जाऊन भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले, पाठिंबा मिळवला. चांदा जिल्ह्यात शोध घ्यायचा परवाना हातात आला.

१९०२ ला ते अमेरिकेला गेले. वय ६३. तब्येत साथ देत नव्हती. तरी अलाबामा, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग असे पोलादाचे गड पालथे घातले. पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याला भेटून कारखाना उभारून द्या म्हणाले. केनेडीनं सांगितलं की आधी खनिज, कोळसा, पाणी, वाहतूक यांची शास्त्रशुद्ध पाहणी करा, त्याला वेळ आणि पैसा लागेल, आणि शेवटी जमणार नाही असंही निघू शकेल.

जमशेटजी तयार झाले. केनेडीच्या सांगण्यावरून त्यांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिनला गाठलं. पेरिननं आपला भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड याला भारतात पाठवलं.

१९०३ ला वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात शिरले. हे शापुरजी म्हणजे पुढे १९२२ ला ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले कम्युनिस्ट नेते. बैलगाड्यांचा प्रवास, वाघांचं रान, पाण्याचे हाल. आज जिथे ताडोबाला जाणाऱ्या जिप्सी धावतात, त्याच मुलखाच्या आसपास ही मंडळी दगड फोडत हिंडत होती.

निकाल काय लागला? लोहाऱ्याचं खनिज उत्तम होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं. आणि वरोऱ्याच्या कोळशाचा कोक होत नव्हता. वीस वर्षांपूर्वीचं उत्तर पुन्हा तेच आलं.

चांदा संपला.

दोराबजी प्रकल्प सोडत असल्याचं सांगायला नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेबांची वाट बघताना वेळ घालवायला ते जवळच्या संग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भ नकाशा होता. दुर्गच्या बाजूला गडद रंग. गडद रंग म्हणजे लोखंड.

वेल्ड आणि ते तिकडे गेले. दल्ली-राजहराचे डोंगर सापडले. खनिज अफाट, पण जवळ पाणी नाही, योग्य कोळसा नाही. पुढे अर्धशतकानंतर सोव्हिएत मदतीनं भिलाईचा कारखाना उभा राहिला तो याच खनिजावर.

मग फेब्रुवारी १९०४ ला प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाचं पत्र आलं. मयूरभंज संस्थानात लोखंड आहे आणि झरियाचा कोक होणारा कोळसा तिथून जवळ आहे, असं त्यात होतं. सगळं जुळत होतं.

पण जमशेटजींकडे वेळ उरला नव्हता. १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. कारखान्याची एक वीटही तेव्हा रचली गेली नव्हती.

जपानलाही ठेच लागली होती

जमशेटजी अमेरिकेत फिरत होते त्याच १९०२ साली जपानमध्ये काय चाललं होतं, हे बघण्यासारखं आहे. जपान सरकारनं जर्मन कंपनीकडून आराखडा आणि यंत्रं घेऊन यावाता इथे मोठा पोलाद कारखाना उभारला. १९०१ ला भट्टी पेटली आणि दीडेक वर्षात बंद करावी लागली. जर्मन भट्टी जर्मन कोकसाठी बनवलेली होती. जपानी कोळशावर ती नीट चालेना. मग नोरो कागेयोशी या जपानी धातुतज्ज्ञानं भट्टीचा आकार बदलला, कोक करायची पद्धत सुधारली आणि १९०४ ला भट्टी व्यवस्थित पेटली.

म्हणजे जपान कधी चुकलंच नाही, असं नाही. चुकल्यावर आपल्या माणसांकडून दुरुस्त करून घ्यायची ताकद आणि तोवर तोटा सोसणारं सरकार त्याच्याकडे होतं. ज्याला हे परवडत नाही त्यानं आधी तपासून घ्यावं. जमशेटजींनी तेच केलं. चांद्यात आधीच कारखाना उभारला असता तर टाटांचं पोलाद तिथेच संपलं असतं.

पुढे काय झालं?

२६ ऑगस्ट १९०७ ला टिस्कोची स्थापना झाली. लंडनच्या बाजारानं पैसे द्यायला हात आखडता घेतला होता. स्वदेशीची लाट होती, मुंबईत शेअर काढले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ते उचलले. पुढे पैसे कमी पडले तेव्हा ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे धावून आले. सरकारनंही दरवर्षी २० हजार टन रूळ विकत घ्यायचं कबूल केलं. टाटा लाइनला जे मिळालं नव्हतं, ते पोलादाला मिळालं. साकची या गावी कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९१२ ला पहिलं पोलाद निघालं. १९१९ ला साकचीचं जमशेदपूर झालं.

बरोबर ७५ वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला.

आणि आता लोखंड पुन्हा चर्चेत आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला खाण सुरू आहे, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिलाय, गडचिरोलीला पोलादाचं केंद्र करायच्या घोषणा होतायत. कोक करायचा कोळसा आजही या भागात नाही, पण रेल्वे, बंदरं आणि नवं तंत्र यांनी ते गणित बदललंय.

एक गणित मात्र जुनंच आहे. जपानच्या सुधारणांचा खर्च कुणी भरला? १८७३ ला आलेल्या जमीन कराचं ओझं शेतकऱ्यांवर पडलं, त्याविरुद्ध उठाव झाले. चीनच्या कारखान्यांमागे गाव सोडून शहरात राबणारे कोट्यवधी मजूर आहेत. यशाच्या गोष्टीत हा हिशोब सहसा येत नाही. गडचिरोलीत तो हिशोब मागणाऱ्या ग्रामसभा आहेत. याच जिल्ह्यातल्या मेंढा लेखाला २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावानं आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. सुरजागडच्या खाणीवरही जमीन, जंगल आणि रोजगार यांचे प्रश्न स्थानिकांनी सतत मांडलेत.

जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीला पाठवला, कारण परक्या देशातली भट्टी आपल्या कोळशावर चालेल का हे त्यांना आधी कळायला हवं होतं. उत्तर नाही आलं आणि त्यांनी ते मान्य केलं. आता कोळशाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा नागपुरातच आहेत. पण इथल्या माणसांना हे पोलाद परवडेल का, हे तपासायला एटापल्ली आणि चामोर्शीच्या गावांतच जावं लागतं.